डिंकाचे लाडू आणि गोड गाजर

शेजारच्या घरातून तुपात डिंक तळल्याचा वास आला आणि मला कंग्राळीच्या आमच्या मळ्यातली ती धुक्याची सकाळ आठवली. अण्णा, माझा मोठा भाऊ, फौजेतून कायमचा घरी आला होता. बर्फातल्या चौकीवर त्याच्या पायाची बोटं गोठून काळी पडली होती, ती कापावी लागली. आप्पा, आमचे वडील, गाजरं उपटत होते. चांगली थंडी पडल्याशिवाय ते गाजराला हात लावू देत नसत. एक धुऊन त्यांनी बांधावर बसलेल्या अण्णाला दिलं. "लई गोड झालंय," तो म्हणाला. मी उत्साहानं कॉलेजात शिकलेलं सांगितलं, की थंडी वाढली की रोप आपल्या पेशींत साखर साठवतं, त्यामुळं आतलं पाणी लवकर गोठत नाही आणि पेशी फुटत नाहीत. अण्णा हसला. "मग माझी बोटं कशी गेली गं? आईनं तर दर थंडीला डबा भरून डिंकाचं लाडू धाडलं हुतं की." पाटीत गाजरं भरणारी आई तशीच वाकून राहिली. त्यानंतर तिनं डिंकाचे लाडू कधी केले नाहीत. आज तो वास आल्यावर मी तिच्याकडं पाहिलं, तर ती उठून खिडकी लावत होती.