अक्कांचा मेन स्विच आणि माझा डेटाबेस

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याला मी डिझाइनच्या नोंदींचा प्रोग्रॅम करून दिलाय. माहिती सगळी दूरच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये असते. बसवला त्या दिवशी नीट चालला, पण आज सलग तिसऱ्या सकाळी मालकांचा फोन, "जोडतच नाही ओ! माग थांबलेत."

गंमत म्हणजे माझ्या घरून लगेच जोडलं जात होतं. पासवर्ड बरोबर, इंटरनेटही चालू. मग कारखान्यातच काय बिघडतं?

शेवटी कारखान्यात जाऊन बसलो. बोलता बोलता मालकांच्या मोठ्या बहिणीनं, अक्कांनी, सांगितलं, "संध्याकाळी कुलूप लावताना मेन स्विच मीच बंद करते की."

हात्तिच्या! राउटर बंद होऊन चालू झाला की त्याला इंटरनेटवरचा नवा पत्ता, म्हणजे आयपी, मिळत होता. आणि डेटाबेसला मीच सांगून ठेवलेलं, ओळखीचा पत्ता असेल तरच आत घे.

म्हटलं, "अक्का, राउटर तेवढा चालू ठेवता येईल?"

"सुताची धूळ हाय हितं सगळीकडं. आग लागली तर तुमचा डेटाबेस येणार हाय का विझवायला?"

आता कारखान्यासाठी न बदलणारा पत्ता घेतोय. स्विच बंदच होणार.

नव्या जागी प्रोग्रॅम बसवताना तुम्ही काय काय विचारता? मी सगळं विचारलं होतं, फक्त संध्याकाळी कुलूप कोण लावतं, हे सोडून.