रायरांच्या जिन्यातले रेनकोट

आमच्या घरमालकांइतका पावसावर डूख धरणारा माणूस साऱ्या चेन्नईत नसेल, आणि ज्याच्या जिन्यातून वर जाताना भर दुपारी रामरक्षा म्हणावी लागे असं दुसरं घरही नसेल. तिरुवल्लिकेणीच्या एका बोळात ते राहत. तंजावरकडचे मराठी, कैक पिढ्या इकडचेच. तमिळ शेजारी त्यांना 'रायर' म्हणत, म्हणून मीही रायरच म्हणायचो. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, विधुर, काटकुळे, आणि जन्मात कधी मोटारसायकल न चालवलेले. तरी खोली मागायला कुणी आलं की त्यांचा पहिला प्रश्न एकच असे, "दुचाकी आहे कीं? मग रेनकोट दाखव."

मला ती खोली का हवी होती तेही सांगतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आम्ही खानापूर तालुक्यातले. वडील गलाईच्या कामाला, म्हणजे मोडीचं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायला, तरुणपणीच इकडे आले आणि जॉर्ज टाउनमध्ये दुसऱ्याच्या भट्टीवर राबले. दुकानावरच्या माळ्यावर आम्ही तिघं राहायचो. खाली मूस तापायची, तेजाबाचा पिवळा धूर फळ्यांच्या फटींतून वर यायचा, आणि मी तोंडाला ओला रुमाल बांधून गणितं सोडवायचो. पावसात छप्पर गळायचं. झोपायच्या आधी आई माझी पुस्तकं पिठाच्या डब्यात घालायची आणि पीठ उघड्यावर ठेवायची. आमच्या घराण्यात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला अभ्यासापुरती जागा हवी म्हणून मी रायरांकडे गेलो. वडिलांच्या शेठनी वापरून सोडलेली मोटारसायकल तेवढी माझी होती.

रायरांच्या जिन्यात भिंतीशी ओळीने रेनकोट उभे असत. टांगलेले नव्हेत, उभे. आत बांबू, बांबूभोवती तमिळ वर्तमानपत्रांचे बोळे, त्यामुळे छात्या भरलेल्या, दंड फुगलेले, आणि मान संपते तिथून पुढे काहीच नाही. खोली सोडून गेलेल्या भाडेकरूंचे हे कोट. घडी घातली की रबर आतून चिकटून मरतं असं रायरांचं म्हणणं, म्हणून माणूस गेला तरी त्याचा कोट ते भरल्या अंगाने ठेवत. येता-जाता त्यांची विचारपूसही करत, "काय माडीवरचे, आज घाम आला वाटतें." दूधवाला तर पिशवी सरळ पहिल्या कोटाच्या बाहीत खोचलेल्या हातमोज्यात अडकवून जाई. हसायला ठीक आहे. पण पावसाच्या दिवसांत सकाळी त्यांतल्या एखाद्याचा खांदा हाताला ओला लागे. वरचं छप्पर धड, खिडकी बंद. मी विचारलं तेव्हा रायर पंचाने तो खांदा टिपत म्हणाले, "कोणी जाऊन आला असेल." कॉफीत साखर कमी पडलीय म्हणावं, इतक्या सहज.

माझ्याकडे रेनकोटच नव्हता, तेव्हा रायर मला घेऊन निघाले. दुकानदाराने आधी बिनबाह्यांचा, वरून नुसता ओढायचा प्रकार काढला. रायर म्हणाले, "तें पांघरूण आहे. तें निजलेल्याला घालतात." दुसरा राखाडी निघाला. "रस्त्याच्या रंगाचा कोट घालून रस्त्यावर जाऊं नये. रस्ता आपलाच समजून ठेवून घेतो." दुकानदाराला मराठी येत नव्हतं, पण हे ऐकून त्यानेही तो कोट मुकाट्याने आत नेला. मग पिवळा आला. रायरांनी त्याची शिवण उलटी करून आतली पट्टी नखाने खरवडली, बाहीत तोंड घालून फुंकलं, आणि मला भर दुकानात स्टुलावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसवलं. "रेनकोट उभ्याने घेणारा मूर्ख. गाडीवर काय उभा राहतोस? बस. वाक. ब्रेक मार." मी ब्रेक मारला. कोटाबरोबरची पँट नडगीपर्यंत वर चढली. दुकानात एक बाई हसली. रायर तिच्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "अम्मा, असेच बूट भरतात."

कोट घरी आला की त्याची परीक्षा असे. एकदा रस्ते तुंबले म्हणून मी कॉलेजातून दुपारीच परत आलो. अंगणात माझ्या मोटारसायकलवर माझा पिवळा कोट बसलेला, हेल्मेट घातलेलं, काच खाली, आणि खांबाला बांधलेल्या नळीचं पाणी त्याच्या छातीवर पडतंय. जिन्यातलाच एखादा बाहेर आणून बसवला असेल म्हणून मी कडेने निघालो. तेवढ्यात त्याने हात वर केला. माझ्या हातातलं दप्तर पाण्यात पडलं. हेल्मेटातून आवाज आला, "नळ बंद कर रे बाबा. मांडीत शिरूलालें." 'शिरतंय' याला त्यांच्या मराठीत 'शिरूलालें' म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. ते कायमचं लक्षात राहिलं.

पदवी हातात आली आणि शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीने मला निवडलं. मूळ प्रमाणपत्रं घेऊन सकाळी हजर राहा, न आल्यास जागा पुढच्याला, असा निरोप आला. दिवस ऐप्पसीचे, म्हणजे आपल्या दिवाळीचे. इकडे खरा पाऊस तेव्हाच. वादळाचा इशारा लागला होता. कागद भिजला तर दुसरा मिळायला काही महिने, आणि नोकरी तर जाणारच. आदल्या दुपारी वडील आले, कमरेचा कसा सोडून माझ्यापुढे धरला. कसा म्हणजे कापडी लांबट पिशवी. गलाईवाले सोनं तिच्यात घालून अंगाला बांधून नेतात.

"म्या आयुष्यभर माल कमरंलाच बांधला. एक गुंज हरवली न्हाई," वडील म्हणाले. "मानूस पडला तरी माल मानसासंगट ऱ्हातो."

रायरांनी विचारलं, "सोन्याला पाणी लागलें तर काय होतें?"

"काय हुतंय. पुसायचं."

"आणि कागदाला?"

वडिलांनी कसा त्यांच्या हातात दिला. रायरांनी वर्तमानपत्राची घडी त्यात घातली, तो माझ्या कमरेला बांधायला लावला, वरून कोट चढवून मला गाडीवर बसवलं आणि नळी वडिलांच्याच हातात दिली. "मारा. तुमचाच मुलगा आहे, भिऊं नका." पाणी छातीवरून घसरत मांडीत साठलं आणि मांडीच्या शिवणीतून आत आलं. कसा उघडला तर आत लगदा. वडिलांनी तो लगदा चिमटीत धरून पिळून पाहिला. मग म्हणाले, "मग बांधायचं कुठं?"

"पाठीला, वर, दोन खांद्यांच्या मध्यें."

"पाठीवरचा माल चोराचा असतोय, मालक."

"गाडीवर चोर म्हणजे पाऊस. तो समोरून येतो."

माझा कोट नापास झाला होता. रायर जिन्यात गेले आणि सगळ्यात वरचा, केशरी कोट बोळे काढून घेऊन आले. त्यांनी तो स्वतःसाठी घेतला होता. बायको असताना तिने गाडी शिकू दिली नाही, ती गेल्यावर यांचा धीर झाला नाही. "हा कधी रस्त्यावर गेलाच नाही," ते म्हणाले. मी पँट हातात घेतली. पायाच्या कडेला काळी, वाळलेली माती होती. मी बोटाने खरवडून त्यांना दाखवली. ते म्हणाले, "जिन्यांत धूळ फार." मी बाहीत हात घातला. आतून कोट ऊबदार होता, कुणीतरी आत्ताच काढून ठेवावा तसा.

सकाळ उजाडलीच नाही. नेहमीचा रस्ता बंद म्हणून पोलिसांनी सगळ्यांनाच पळ्ळिकरणैच्या दलदलीकडून वळवलं. थोड्या वेळात पुढच्या-मागच्या गाड्या दिसेनाशा झाल्या. रस्ता कुठे संपतो आणि दलदल कुठे सुरू होते ते कळेना, सगळंच राखाडी. आणि तिथे माझ्या पाठीवर तळवा टेकला. बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये, प्रमाणपत्रांवर. गाडी मागून दबली, कुणी बसल्यावर दबते तशी. मी आरशात पाहिलं, पाण्याखेरीज काही नव्हतं. ओरडावंसं वाटलं नाही, हे खरं सांगतो. तळव्याने डावीकडे दाबलं की मी डावीकडे घ्यायचो. एकदा त्याने असं डावीकडे लोटलं आणि उजवीकडे, जिथून मी जाणार होतो तिथे, एक रिक्षा छपरापर्यंत बुडालेली दिसली.

कंपनीच्या फाटकावर पहारेकऱ्याने कार्ड लिहिता लिहिता विचारलं, "पिन्नाडि इरुंद सार एंगे?" मागे बसलेले साहेब कुठे गेले? मी म्हटलं, मी एकटाच आहे. त्याने माझ्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जास्त न विचारता फाटक उघडलं. आत जाऊन पाठीवरची पिशवी सोडली. कागद कोरडे होते.

दुपारी परतलो तर वडील खालीच बसून होते. रायर खुर्चीत, केस ओले, पंचाने डोकं पुसत होते. नेसूची वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, गुडघ्यापर्यंत भिजलेली आणि काळ्या चिखलाने माखलेली.

"पाठ?" त्यांनी विचारलं.

"कोरडी."

"सरि, ठीक. मग जेव."

"तुम्ही कसे भिजलात?"

"अंगणांतलें पाणी काढलों."

त्यांच्या अंगणात सिमेंट आहे. चिखल कुठून आला हे मी विचारलं नाही. वडिलांकडे पाहिलं, त्यांनी नजर चुकवली. सकाळी घरी काय पाहिलं ते त्यांनी नंतरही कधी सांगितलं नाही.

रायर ऐन उन्हाळ्यात गेले, आकाशात ढगाचा ठिपका नसताना. कोइंबतूरहून त्यांची मुलगी आली, घर विकायचं ठरलं, आणि जिना रिकामा करायला मी मदतीला गेलो. एकेका कोटातून आम्ही बोळे काढत गेलो. छाती बसायची, दंड बसायचे, आणि कोट हातात नुसता लोंबायचा. मुलगी म्हणाली, "अप्पांना गाडी चालवायची फार हौस होती." मी म्हटलं, चालवत होते. तिला वाटलं मी तिची समजूत घालतोय.

त्या कंपनीत मी कायम झालो. आम्ही आता पल्लावरमला राहतो, पक्क्या छपराखाली. वडील भट्टीवर जात नाहीत. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर.