पुढची जागा

"जागा आगाऊ सोडलीय," असं म्हणत पाट्या रंगवणारे चाचा ब्रशचं उलटं टोक पाटीवरच्या मोकळ्या भागावर टेकवायचे. तुम्ही कधी शिरूरच्या एसटी स्टँडसमोर थांबला असाल, तर त्यांच्या हातच्या पाट्या तुम्हीही पाहिल्या असतील. डावीकडे दाटीवाटीनं नाव आणि उजवीकडे नुसता निळा रंग दिसला, की समजायचं, चाचांनी रंगवलेली.

एका किराणावाल्यानं एकदा त्यांना धरलं होतं. "चाचा, निम्मी पाटी मोकळी! रंग संपला का काय?"

"मग 'आणि सन्स' कुठं लिव्हू?"

"आवो, माझं आजून लगीन न्हाई!"

"म्हणून तर आगाऊ सोडलीय."

मी तेव्हा न्हावऱ्याहून शिरूरच्या कॉलेजात जायचो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. परतीची एसटी येईपर्यंत चाचांच्या दुकानात रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसून राहायचो. 'आगाऊ' हा शब्द माझ्या तोंडी बसला तो तिथंच.

त्याचा उपयोग मी मराठीच्या तासाला केला. सर म्हणाले, "'आगाऊ' हे क्रियाविशेषण वापरून वाक्य करा." सर रोज घंटेआधीच हजर असायचे. त्यांना बरं वाटावं म्हणून मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आमचे सर वर्गात नेहमी आगाऊ असतात."

मला म्हणायचं होतं, वेळेआधी. वर्गाला ऐकू आलं ते वेगळंच. हसणं थांबल्यावर सर शांतपणे म्हणाले, "बसा. आगाऊ कोण, ते कळलं."

हे सांगितल्यावर चाचा ब्रश डब्यात ठेवून हसायला लागले. "बरोबरच बोललास की! मला बी घरात रोज तेच म्हणत्यात. आन् ते काय कौतुकानं न्हाई."

त्याच वर्षी आमच्या घराला गिलावा झाला. माझे वडील, आप्पा, चाचांकडे पाटी सांगायला आले. "पोरगं कॉलेजात हाय. नाव जरा मोठं काढा." चाचांनी माझं नाव काढलं आणि पुढं एक गलेलठ्ठ पांढरा स्वल्पविराम दिला.

"ह्यो काय?" आप्पांनी विचारलं.

"पुढं पदवी येनार. जागा आगाऊ सोडलीय."

आप्पांनी पाटी रस्त्यावरून दिसेल अशी लावली. तिसऱ्या वर्षाला मी इंग्रजीत नापास झालो. निकाल मी कुणाला सांगितला नव्हता, पण पाटी सांगत होती. येणारेजाणारे विचारायचे, "काय रं, फुडचं कवा उमटायचं?" पोरांनी माझं नावच 'स्वल्पविराम' पाडलं. उन्हानं रंग उडतोय, पाटी आत ठेवू, असं मी आप्पांना सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "आसू दे. तुला दिसत ऱ्हाईल."

पुढच्या खेपेलाही मी तिथंच अडकलो. तोवर फ्लेक्सचे बोर्ड आले, दुकान बंद पडलं, आणि चाचा दौंडला लेकीकडे राहायला गेले. त्यांचा हात थरथरतो, असं कानावर आलं. तेव्हा मात्र मी मनापासून घाबरलो. मी पास होईन, पण पुढचं लिहायला चाचा नसतील, या भीतीनं मी इंग्रजी जितकं वाचलं, तितकं कॉलेजच्या भीतीनं कधी वाचलं नव्हतं.

पास झालो. पाटी पोत्यात गुंडाळून दौंडच्या एसटीत चढलो.

"पोत्यात काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"माझं नाव," मी म्हणालो. त्यांनी तिकीट एकाचंच फाडलं.

चाचा ओसरीत खाटेवर होते. पाटी हातात घेऊन म्हणाले, "लई वाट बघाय लावलीस रं हिला."

"अब्बा, दुकानातनं स्टिकर आणते ना," लेक म्हणाली.

"तू थांब."

उजवं मनगट डाव्या हातानं धरून त्यांनी 'बी.ए.' लिहिलं. अक्षरं लडखडली. मग मनगट सोडलं, आणि एका झटक्यात पुढं तोच जुना गलेलठ्ठ स्वल्पविराम उमटला.

"चाचा! आता आणि पुढं काय?"

"मला काय ठावं? मी जागा आगाऊ सोडलीय."

पुढच्या उन्हाळ्यात चाचा गेले. मी एम.ए.ला दोनदा नाव घातलं आणि दोनदा सोडलं. पाहुणे अजून विचारतात आणि मी अजून ततपप करतो.

दिवाळीला आप्पा पाटी पुसतात. माझ्या नावावरून, बी.ए.वरून त्यांचं फडकं खसाखसा फिरतं. शेवटच्या स्वल्पविरामापाशी आलं, की हळू होतं. त्याच्यापुढं अजून वीतभर निळा रंग आहे.