मामांचं तिसरं पार्टिशन

अख्ख्या गोरेगावच्या काळज्यांचं कंत्राट माझ्या बायकोच्या मामांनी एकट्याने घेतलं आहे, अशी माझी पक्की खात्री आहे. घराबाहेर पडताना ते गॅस, गिझर, टीव्ही सगळं बंद करतात आणि आरेच्या बसथांब्यावरून ते बंद केलंय का हे बघायला परत येतात. निवृत्तीनंतर संगणकावर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स यंत्रणा शिकले, तेही व्हायरसच्या काळजीपोटीच. डिस्कची तीन पार्टिशनं, म्हणजे वेगळे कप्पे, पाडली: एक यंत्रणेला, एक कागदपत्रांना, तिसरं मामींच्या गाण्यांना. "एक गेलं तरी दोन वाचतील ना रे!" तिसरं पार्टिशन 'गाणी' नावाच्या रिकाम्या फोल्डरला जोडलं, म्हणजे माउंट केलं, की तिथे गाणी दिसायची. काम संपलं की मामा ते अनमाउंट करून टाकत. वापरात नसलेली वस्तू चालू ठेवणं त्यांना झेपतच नाही.

मामींच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून आदल्या दिवशी त्यांनी होणाऱ्या नातवंडासाठी मामांच्या फोनवर एक अंगाई म्हणून ठेवली. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला निघायच्या घाईत मामांनी ती 'गाणी'मध्ये उतरवली, आणि भलत्याच्या हाती लागू नये म्हणून फोन पुसून कोरा केला. महिन्याभराने मला त्यांचा फोन आला. "अरे, वाट लागली! जुनी सगळी गाणी आहेत, अंगाई तेवढी नाही!" मी धावत पोचलो, तर ते मला कीबोर्डला हात लावू देईनात. "नको रे, आहे तेही जाईल!" तेवढ्यात मामींनी वहीत लिहून माझ्यापुढे धरलं: 'त्या दिवशी हॉस्पिटलला निघायचं म्हणून यांनी सगळं बंद केलं होतं. हे गाण्यांचंपण आधीच बंद केलं असेल.'

आणि माझी ट्यूब पेटली. पार्टिशन जोडलेलं नसताना अंगाई त्या रिकाम्या फोल्डरमध्येच पडली होती. नंतर जोडल्यावर जुनी गाणी तिच्यावर आली, ड्रॉवरमधल्या चिठ्ठीवर वर्तमानपत्र अंथरावं तशी.

"मामा, अनमाउंट करा."

"आणि गेली तर?"

मामींनीच त्यांचा हात धरून कीबोर्डवर ठेवला. जुनी गाणी पडद्यावरून गेली आणि एकच फाइल उरली. ती वाजत होती तोवर मामींचे ओठ शब्दांबरोबर हलत होते. मामा रडले. मीही रडलो, त्यात लपवायचं काय!

अंगाई आता तिसऱ्या पार्टिशनमध्ये, बाकीच्या गाण्यांबरोबर आहे. मामा अजूनही गॅस बघायला बसथांब्यावरून परत येतात. ते पार्टिशन मात्र त्यांनी त्यानंतर कधी अनमाउंट केलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिचा आवाज आहे रे त्यात. तो मी कसा बंद करू?"