मालुआक्काचं धुतलेलं तोंड

मालुआक्का माझी थोरली जाऊ. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तिचं निम्मं आयुष्य गेलं. दिवसभर तिथं तंबाखू चाळायची, घरी येऊन तीच तव्यावर भाजून मिश्री करायची आणि सकाळी दातांना लावून निवांत बसायची. चहा चुकला तर चालेल, मिश्री चुकून चालायची नाही. त्यात टापटिपीची भारी हौस. लग्नाला जायचं असो की बँकेत, आधी मिश्रीनं दात घासणार, मग लुगडं बदलणार.

गेल्या वर्षी तिच्या उजव्या गालात कॅन्सर निघाला. बेळगावात ऑपरेशन झालं आणि मिश्री सुटली. म्हणजे तिनं तसं सांगितलं आणि मी खुळ्यासारखा विश्वास ठेवला. सारखं बेळगावला जाणं तिला झेपेना, म्हणून तिथल्या डॉक्टर पद्मजांनी गावच्या आरोग्य केंद्रातूनच व्हिडिओवर तपासायचं ठरवलं. नर्सनं तोंडात उजेड धरायचा, डॉक्टरांनी तिकडून बघायचं. दुखणं डाव्या गालातही येतंय का, हीच भीती होती.

पहिल्याच खेपेला आक्कानं तोंड उघडलं आणि डॉक्टर स्क्रीनजवळ वाकल्या.

"मालुबाई, आत सगळं काळं दिसतंय. काय लावलंय?"

"मिश्री. डाक्टरीणबाई बघणार म्हटल्यावर घाण तोंड कसं दावायचं? चांगलं धुऊन आलोय की!"

नर्सला हसू आलं. मला असा राग आला की तिथंच बोलले, "आक्का, एवढं जिवावर बेतलं तरी मिश्री लावताय व्हय?"

"रोज न्हाय गं. आजच्यापुरती."

खरंखोटं तिलाच ठाऊक.

डॉक्टर मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी चुळा भरायला लावल्या, पुन्हा भरायला लावल्या. काळं उतरलं तसा डाव्या गालात पांढरा चट्टा दिसला.

"उद्याच बेळगावला या," त्या म्हणाल्या.

चट्ट्याचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत मला घास गोड लागला नाही. शेवटी कळलं, अजून कॅन्सर नाही. पण मिश्री चालू राहिली तर होऊ शकतो, हे डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं.

पुढच्या तपासणीला आक्का केंद्रात आली ती तोंडाला पदर लावूनच. स्क्रीनवर डॉक्टर दिसल्या तरी पदर निघेना. लाजत होती बिचारी. मी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तिनं पदर खाली घेतला.

"आज काय बी लावलं न्हाय, डाक्टरीणबाई. लई वंगाळ दिसंल, पर खरं हाय. बघा."