पाग्माच्या दाराशी संपणारं पेट्रोल

गोबी वाळवंटाच्या दक्षिण भागात विहिरींचे पंप दुरुस्त करत फिरणाऱ्या चोइजिलचं पेट्रोल तीस वर्षांत एकदाही संपलं नव्हतं. तो स्वतः हे कुठं सांगत नसे, पण दुसरा कुणी सांगायला लागला की मध्ये बोलतही नसे. एवढ्या ओसाड मुलखात शंभर शंभर किलोमीटर माणूस दिसत नाही, तिथं ही काही साधी गोष्ट नव्हे. भल्याभल्यांना उंटाच्या शेपटीला दोर बांधून मोटारसायकली घरी न्याव्या लागल्या होत्या. चोइजिलवर ती वेळ कधी आली नाही.

त्याच्याकडे एक काठी होती, वीतभर लांबीची, सुरीनं खाचा पाडलेली. एक खाच म्हणजे एक लिटर, एक लिटर म्हणजे वीस किलोमीटर. निघण्याआधी टाकीचं झाकण उघडून तो काठी आत बुडवायचा, ओली खाच बघायचा, काठी गुडघ्याला पुसायचा आणि मगच किक मारायचा. शिवाय मागच्या कॅरिअरला दहा लिटरचा कॅन पक्का बांधलेला असायचा. "वाळवंटात माणूस तहानेनं मरत नाही," असं तो तरण्या पोरांना सुनवायचा, "पुरेल असं म्हणाला की मरतो." तांबड्या रंगाच्या त्या जुन्या रशियन मोटारसायकलला तो 'तांबडी' म्हणायचा आणि घोड्याशी बोलावं तसं तिच्याशी बोलायचा. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. बोलणार तरी आणखी कुणाशी?

तर असा हा हिशेबी माणूस. तीन वर्षांपूर्वी तो पाग्मा नावाच्या एका विधवेच्या विहिरीचा पंप दुरुस्त करायला गेला. बाई पन्नाशीची, चाळीस उंट एकटी सांभाळणारी, जीभ चांगलीच धारदार. पंप अर्ध्या तासात सुरू झाला. त्यानंतर मात्र एक आक्रीत घडायला लागलं. तीस वर्षांत न संपलेलं पेट्रोल दर महिन्याला संपायला लागलं, आणि तेही नेमकं पाग्माच्या दाराशी.

रीत ठरलेली होती. पाग्माच्या गेरपासून, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूपासून, कोसभर अलीकडे एका टेकाडामागे साक्सौलची दाट झुडपं होती. चोइजिल तिथं थांबायचा, कॅन सोडून झुडपात ढकलायचा, वर दोन फांद्या टाकायचा. मग पुढं जाऊन गेर दिसायला लागली की पेट्रोलची तोटी बंद करायचा. तांबडी बिचारी दोनचार आचके देऊन बंद पडायची. हा खाली उतरून चेहरा पाडायचा आणि ढकलत ढकलत जायचा.

"कुत्रं धरा!" तो लांबूनच ओरडायचा. कुणाच्याही गेरशी जाताना असं ओरडायची तिकडे रीतच आहे. पाग्माचा बासार नावाचा दांडगा कुत्रा तोवर शेपूट हलवत त्याच्या बुटांशी येऊन लोळत असायचा, ते वेगळं.

मग आधी चहा. मीठ घातलेला, दुधाचा, वाडगाभर. चहा होईस्तोवर कामाचं बोलायचं नाही, हेही रीतीला धरूनच. उंट धष्टपुष्ट आहेत ना, गवत कसं आहे, पाऊस पडला का, असं सगळं झालं की चोइजिल खाकरायचा.

"ते जरा... पेट्रोल संपलंय."

"अगंबाई. पुन्हा?" पाग्मा म्हणायची. "बसा तुम्ही. मी गेरजवळ ठेवत नाही हो, चूल पेटलेली असते. लांब ठेवलंय. आणते."

ती उंटावर बसून जायची आणि तासाभरानं दोन लिटर पेट्रोल घेऊन यायची. तेवढ्या वेळात चोइजिल तिच्या बादलीची कडी वळवून दे, चुलीचं दार बसवून दे, असं काहीबाही करायचा. खरं बोलायचं ते तोंडापर्यंत यायचं, पण ती आली की हातात पेट्रोल असायचं. ज्याच्यासाठी आलो म्हणालो ते मिळालं, आता आणखी काय मागायचं? 'उपकार झाले' म्हणून तो निघायचा आणि टेकाडामागून आपला कॅन उचलून घरी जायचा. कॅन थोडा हलका लागायचा. उन्हानं उडतं पेट्रोल, असं तो मनाशी म्हणायचा.

मांजर डोळे मिटून दूध पितं, पण जग काही डोळे मिटून बसलेलं नसतं. चारही दिशांच्या विहिरींवर ही गोष्ट चघळली जात होती. कुणी त्याच्या तोंडावर बोललं नाही, कारण पंप बिघडला की त्यालाच बोलवावं लागायचं.

त्या वर्षी शरद ऋतू लागत होता. पाग्माच्या गेरपासून एकशे साठ किलोमीटर पश्चिमेला एका विहिरीवर चोइजिल सकाळपासून खपत होता. तिथल्या पंपाच्या इंजिनात थेंबभर पेट्रोल नव्हतं आणि दोनशे उंट तहानेनं ओरडत उभे होते. त्यानं आपला कॅन त्यात रिकामा केला. पाणी आलं. उंटांचा मालक दोर्लिग शेजारी उकिडवा बसून वाळलेल्या दह्याचा खडा चघळत होता.

"बरं झालं ओतलंस," दोर्लिग म्हणाला. "आता तुला काय, पेट्रोल मागायला जागा तरी कुठं राहिलीय?"

"म्हणजे?"

"ऐकलं नाहीस? पाग्मा चालली राजधानीला, लेकीकडं. कायमची. उद्या सकाळी ट्रक येतोय सामान न्यायला. उंट दिराकडं देतेय."

चोइजिलच्या हातातला पाना पाण्यात पडला. तो काढायला त्याला बराच वेळ लागला.

"उद्या?" तो म्हणाला.

"उद्या. अरे, तोंड का उतरलं तुझं? दुसरी एखादी पेट्रोलवाली बघ की."

चोइजिलनं टाकी उघडून काठी बुडवली. सात खाचा. म्हणजे एकशे चाळीस किलोमीटर. जायचं एकशे साठ. पंपात ओतलेलं परत काढावं तर दोनशे उंट पाण्याला उभे. पेट्रोल मिळायचं गाव उलट्या दिशेला नव्वद किलोमीटर. तिथं जाऊन वळून यायचं तर ट्रक निघून गेलेला. त्यानं काठी पुन्हा बुडवली, जणू उंटांचं बघून तांबडीही थोडी प्यायली असेल. सातच.

"पुरेल," चोइजिल म्हणाला.

दोर्लिगचा जबडा चघळायचा थांबला. हा शब्द त्या तोंडून त्यानं जन्मात ऐकला नव्हता.

मग सुरू झाला प्रवास. एरवी तांबडी पळायची ती आज चालवली जात होती, म्हाताऱ्या सासूला हात धरून न्यावं तशी. उतार आला की इंजिन बंद. वाळू आली की लांबचा वळसा, पण कडक जमिनीवरून. त्या सपाट करड्या मुलखात सहा तास त्याला एक कोल्हा सोडून कुणी भेटलं नाही, आणि कोल्ह्याकडे पेट्रोल नसतं. तोंडात रेती, डोळ्यांत रेती, आणि मनात एकच हिशेब. तीन वर्षं दर महिन्याला म्हणजे छत्तीस वेळा आपण तिच्या चुलीशी बसलो. छत्तीस वेळा पेट्रोल मागितलं. एकदाही दुसरं काही मागितलं नाही. गाढव तरी बरं, त्याला भूक लागली की ओरडता येतं.

पंचवीस किलोमीटर उरले असताना तांबडीनं पहिला आचका दिला. त्यानं तोटी राखीववर फिरवली. दहा उरले तेव्हा ती पुन्हा बंद पडली. त्यानं गाडी डाव्या कुशीवर आडवी केली. टाकीच्या उजव्या बाजूला अडकलेलं घोटभर पेट्रोल असं केलं की तोटीकडे येतं. त्यावर आणखी चार किलोमीटर गेले. मग मात्र आडवी करा, उलटी करा, कानाशी धरून हलवा, टाकीत आवाजच नव्हता. तीस वर्षांत पहिल्यांदा चोइजिलचं पेट्रोल खरोखर संपलं.

सहा किलोमीटर त्यानं ती मोटारसायकल वाळूतून ढकलली. साक्सौलची झुडपं आली आणि गेली, त्यानं तिकडे बघितलंही नाही. गेर दिसली तेव्हा त्याला बसकण मारावीशी वाटली, कारण ती अजून उभी होती. बाहेर मात्र पेट्या दोरांनी बांधून ठेवल्या होत्या.

"कुत्रं..." एवढंच त्याच्या तोंडून आलं.

पाग्मा दारात उभी होती. गळ्यात उंट शोधायची दुर्बीण.

"आज सोंग झकास वठलंय, चोइजिल-ग्वाय," ती म्हणाली. एरवी आदराचं ते 'ग्वाय' आज चिमट्यासारखं लागलं. "घामसुद्धा आणलात."

"पाग्मा-ग्वाय, पेट्रोल संपलंय."

"ते तर संपणारच. तुम्ही आलात म्हणजे संपलंच. चहा घ्या."

आणि तिनं एक गोष्ट केली जी आजवर कधी केली नव्हती. सरळ गाडीपाशी जाऊन खाली वाकली आणि तोटी बघितली. तोटी उघडी होती, राखीववर. तिच्या भुवया वर गेल्या. तिनं तांबडीची मूठ धरून गाडी डाव्या कुशीवर आडवी केली, ऐटीत, उंट बसवावा तशी. थोडं थांबून उभी केली. किक मारली. नुसतीच खरखर.

"बसा," ती म्हणाली. "आणते मी."

ती उंटावर बसून गेली. चोइजिल रिकाम्या गेरमध्ये बसला. भिंतीवरचे फोटो काढलेले होते. चुलीचं दार, त्यानंच बसवलेलं, नीट बसत होतं. या वेळी ती पेट्रोल घेऊन यायच्या आत शब्द जुळवायचे असं त्यानं ठरवलं, आणि तासभर एकही शब्द जुळला नाही.

पाग्मा परतली ती रिकाम्या हातानं. आणि चिडलेली.

"आज कॅन कुठं लपवलात? सगळी झुडपं उचकटली मी. हाताला काटे लागले."

"कुठला कॅन?" चोइजिलनं विचारलं. चोराच्या मनात चांदणं. त्याचे कान लाल झाले.

"कुठला म्हणजे? ज्यातून तीन वर्षं तुम्हाला पेट्रोल देतेय तो."

चोइजिल हातातला वाडगा फिरवायला लागला.

"अहो, माझ्याकडे मोटारसायकल आहे का? उंट पेट्रोल पितात का? पंपाला पेट्रोल लागलं की मी तुम्हालाच बोलावते. मग माझ्या घरी पेट्रोल येणार कुठून? आणि तेही तेल मिसळलेलं, तुमच्या गाडीला लागतं तसं निळसर! एवढे मोठे मेकॅनिक तुम्ही, एकदाही वास घेऊन बघितला नाहीत?" तिनं दुर्बीण हातात घेऊन हलवली. "पहिल्याच वेळी गेरमागच्या टेकडीवरून दिसलं होतं मला, फांद्या टाकताना. म्हटलं, माणसाला चहा हवाय तर पिऊ दे. पेट्रोल त्याचंच, चहा माझा."

चोइजिलला तीन वर्षांतला एकेक 'उपकार झाले' आठवला. जमीन फाटली तर बरं, पण गोबीची जमीन सहसा फाटत नाही.

"मग आजचा कॅन?" पाग्मानं पुन्हा विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

"बाहेर हत्यारांच्या पोत्यात आहे. रिकामा. दोर्लिगच्या उंटांसाठी ओतला."

"आणि तरी निघालात? एकशे साठ किलोमीटर? काठी बुडवली नाहीत?"

"दोनदा बुडवली. कमी होतं."

"मग परत कसं जाणार होता?"

चोइजिलनं वाडगा खाली ठेवला. चहा झाला होता. कामाचं बोलायला आता हरकत नव्हती.

"परत जाण्यापुरतं आणलंच नाही," तो म्हणाला. "तुम्ही जाताय म्हणून कळलं. तुम्ही इथं नसाल तर मला कुठं जायचंय? मला तुम्ही हव्या आहात, पाग्मा-ग्वाय. पेट्रोल कधीच नको होतं."

पाग्मा बराच वेळ चुलीत शेणी सारत राहिली. आणखी एकीची गरज नव्हती तरी तिनं तीन घातल्या.

"सकाळी ट्रक येईल," ती शेवटी म्हणाली. "तेव्हा बघू." आणि तिनं त्याला झोपायला बाहेर, बांधलेल्या पेट्यांच्या आडोशाला पाठवलं. बासार त्याच्या पायाशी येऊन झोपला. चोइजिलचा डोळा लागला नाही, आणि आत कुणीतरी एकदोनदा हसल्यासारखं वाटलं ते खरं की वारा, हे त्याला कळलं नाही.

ट्रक उजाडल्यावर आला. ड्रायव्हर ओच्चिर जाडजूड, गडबडीतला. तिघांनी मिळून गेरचे नमदे उतरवले, काठ्या सोडल्या, पेट्या चढवल्या. चोइजिलनं निम्मं सामान स्वतः उचललं. आपल्याच हातांनी तिला पाठवतोय असं त्याला वाटत होतं आणि हात थांबत नव्हते.

"ओच्चिर," पाग्मा म्हणाली, "तुझ्या टाकीतून थोडं पेट्रोल काढून दे यांना."

चोइजिलनं मान खाली घातली. म्हणजे संपलं. तिनं नेहमीसारखं पेट्रोल दिलं, आणि आता नेहमीसारखं 'उपकार झाले' म्हणायचं राहिलं.

"किती काढू?" ओच्चिरनं नळी हातात घेत विचारलं.

पाग्मा चोइजिलकडे वळली. "तुमची हिवाळ्याच्या मुक्कामाची जागा इथून किती लांब?"

"एकशे दहा किलोमीटर. उत्तरेला."

"काठी द्या इकडं." तिनं खाचांवर बोट फिरवलं. "साडेपाच होतात. सहा लिटर काढ, ओच्चिर. वाळू आहे, आणि गाडीवर दोघं."

ओच्चिर थांबला. "दोघं? मग मी राजधानीला काय घेऊन जाऊ?"

"काही नको. तू आमच्या मागून ये. यांच्या गाडीचा निळा धूर दोन कोसांवरून दिसतो, चुकणार नाहीस. दीर उंट घेऊन चार दिवसांनी येईल, उंट न्यायला आला होता तेव्हा त्याला तिकडंच यायला सांगितलंय, कालच. लेकीला वाटेत टेकडीवरून फोन करते."

"कालच?" चोइजिल म्हणाला.

"तुम्ही सहा किलोमीटर गाडी ढकलत होता ना, तेव्हा. त्या टेकडीवरून दुर्बिणीतून बघत होते मी. सोंग करणारा माणूस झुडपांपाशी थांबतो, तुम्ही थांबला नाहीत. नुसती खात्री करायची होती." तिनं बासारला ट्रकमध्ये चढवलं.

चोइजिल पेट्रोलमध्ये तेल मिसळायला लागला. निम्मं तेल टाकीवर सांडलं. पाग्मानं रिकामा कॅन पोत्यातून काढून कॅरिअरला बांधला, नीट, दोन गाठी मारून. ओच्चिर नळी गुंडाळत अजून हिशेबच करत होता.

"सहा लिटरमध्ये जेमतेम पोचाल," तो म्हणाला. "आणि परत यायला?"

पाग्मा चोइजिलच्या मागे बसली आणि त्याच्या कोटाचा पट्टा घट्ट धरला.

"परत कोण येतंय," ती म्हणाली.