पश्चिमेच्या गाठी

आकुर्डीत आमच्या पत्र्याच्या खोल्या ज्यानं बांधल्या, तो सुतार वेंगुर्ल्याकडचा. पिंपरीत तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते, त्या कामावर आलेला. पत्रे उडू नयेत म्हणून वर आडवे बांबू टाकायचा आणि सुंभानं खांबांना आवळायचा. दोराचं टोक दातांत धरूनच बोलायचा. गाठ मारली की दोन्ही पाय उचलून तिला लोंबकळायचा. पण हा सगळा थाट फक्त पश्चिमेच्या अंगाला. "वारो थंयसूनच येतलो," म्हणायचा. आमच्याकडं वळवाचा वारा पूर्वेकडून येतो, हे मी किती वेळा सांगितलं. ऐकेल तर शपथ!

वैशाखात वळीव आला, पूर्वेकडूनच, आणि आमचे दोन पत्रे शेजारच्या रानात नेऊन टाकले.

तो न बोलावता आला. ओशाळून पूर्वेची बाजू बांधू लागला. सुंभ कमी पडला, तेव्हा मी वैतागून म्हणालो, "पश्चिमेचा सोड की! काय उपयोग त्याचा?"

त्यानं दातांतलं टोक काढलं. घाटाकडं बघत हळूच म्हणाला, "नको भावा. त्या बाजूक दर्या आसा."

आता तिथं स्लॅबची घरं आहेत. वारा सुटला की मी मात्र आधी पश्चिमेची खिडकी लावतो.